कहासुना, लेनदेन, सब माफ

ये, अशी आत ये. अन् तिथं उंबऱ्यापाशी काय बसतीस, वसुलीला आलेल्या माणसावानी? जवळ सरक. दोन वर्षं झाली, तुझ्या आईचं घर माझ्या दारापासून चार पावलं, तू पुण्याहून येतीस, आईपाशी राहतीस, परत जातीस, अन् ह्या म्हातारीकडं डोकावत न्हाईस. हे बरं न्हाई बाई. आता लिहून घ्यायचंय म्हणून आलीस, बरं, आलीस तर खरी. पण तो मोबाईल आधी पिशवीत घाल. पालथा ठेवू नको, पिशवीतच घाल. वहीत लिही, म्या थांबत थांबत सांगते. का ते पण सांगते, आधी चहा घे.

मी मूळची सास्तूरची, पिंजाऱ्याची लेक. माझा बाप खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी घेऊन गावोगाव फिरायचा, ती तार वाजली की बाया जुन्या गाद्या बाहेर काढायच्या. आमच्या घरात कापूस कुठं न्हाई असं न्हाई, पापण्यांवर कापूस, भाकरीत कापूस. सोळाव्या वर्षी लग्न होऊन येरमाळ्याला आले, इथं पण तेच. नवऱ्यानं पुढं पिंजायची मशीन घेतली, तो पिंजायचा, म्या खोळी शिवायची अन् दाभणानं टाके घालायची. ही बोटं बघ, एक तरी सरळ हाय का? शाळेचं तोंड बघितलं न्हाई. आमचं दुकान स्टँडच्या समोर, तर गाडीवरच्या पाट्या बघून बघून अक्षर शिकले. एक कंडक्टर होता, त्याला विचारायची, भाऊ, हे काय लिहिलंय? तो म्हणायचा, भाभी, हे कळंब, हे बार्शी. तसं करत करत पेपर वाचायला लागले. हळू वाचते, पण वाचते.

आईचं सांगते, कारण ते सांगितल्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. माझ्या आईचे चांदीचे तोडे होते, ते ती मला देते म्हणली होती. धाकट्या बहिणीच्या लग्नात तिनं ते तिला घातले. मी तेवढ्या पाहुण्यांत आईला म्हणलं, तुला एकच लेक हाय असं समज, अन् लेकराला काखेत मारून तरातरा निघून आले. पुढं सणाला गेले न्हाई, निरोप आला तरी गेले न्हाई. अन् मग भूकंप झाला. आई दुसऱ्या दिवशी सापडली. काय सांगू तुला, तिच्या तोंडावरची माती म्याच पुसली, पण माफी कुणाला मागू? आता सास्तूर नवं वसलंय, सरळ रांगांची घरं, सरळ रस्ते. माझ्या आईचं दार कुठं होतं ते पण मला दाखवता येत न्हाई.

म्हणून माफी मागायची राहून जाईल ह्याचं मला लई भ्या वाटतं. आमच्यात रीत हाय, माणूस हजला निघाला, न्हाईतर उमऱ्याला, म्हणजे मक्केलाच, पण हजपेक्षा लहान असतंय ते, तर निघायच्या आधी ज्याच्या ज्याच्याशी बोलणं-चालणं, देणं-घेणं झालंय त्याच्या दारात जायचं अन् म्हणायचं, कहासुना, लेनदेन, सब माफ करो. म्हणजे मी काही बोलले असेन, तुमचं काही माझ्याकडं राहिलं असेल, ते सोडा. समोरचा म्हणतो, माफ. मग मन धुतल्यावानी होतं. अन् निघालेल्या माणसाला न्हाई कुणी म्हणत न्हाई. वैरी पण म्हणत न्हाई.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मशीन पडूनच होती, ती विकली अन् उमऱ्याचं ठरवलं. मग फिरायला लागले. तुझ्या आईकडं पहिली गेले, सांगितलं का तिनं? तुझ्या लग्नातली गादी म्याच भरली होती, अन् तिच्यात खाली जुना कापूस घातला होता, वर तेवढा नवा. इतकी वर्षं ते मला टोचत होतं. म्हणलं, वहिनी, त्या गादीचं माफ करा. तर तुझी आई म्हणली, हमीदाभाभी, मला तव्हाच कळलं होतं, महिन्यात जावयाची पाठ धरली अन् आमी म्हणलं पोरगंच नाजूक मिळालंय. हसतीस काय, खरं हाय. दोघी हसलो, मग दोघी रडलो, अन् तिनं माफ केलं. शेजारच्या भिंतीवरून ज्याच्याशी भांडण होतं त्यानं तर मलाच उलटी माफी मागितली.

राहिली रेहाना.

रेहाना म्हणजे माझी पहिली सून. मला एकच मुलगा, फारुक, धाराशिवला त्याचं फोमच्या गाद्यांचं दुकान हाय. त्याचं अन् रेहानाचं पटलं न्हाई. कुणाचं चुकलं ते म्या आता उकरत न्हाई, पण भांडणात म्या मुलाची बाजू घेतली, अन् एकदा तिला म्हणलं होतं की तुझ्या पायगुणानं माझं घर फुटलं. ते बोलायला नको होतं. तलाक झाला, ती पोरगी घेऊन वाशीला, मुंबईच्या न्हाई, आपल्या इथल्या जवळच्या वाशीला, भावाच्या शेजारी खोली करून राहिली, ब्लाऊज शिवते, फॉल लावते. तिनं कोर्टात एवढंच सांगितलं होतं, मला त्यांच्याकडून काही नको, माझ्या पोरीचं पोरीला द्या. तर कोर्टानं पोरीची पोटगी बांधून दिली. पोरगी म्हणजे मुस्कान, माझी नात, आता अकरा वर्षांची हाय. फारुकनं पुढं दुसरं लग्न केलं, त्याला दोन लेकरं झाली. तो द्यायचा, पण कुरकुरत द्यायचा.

मी म्हणलं, मला वाशीला जायचंय, रेहानाची माफी मागायला. वाटलं हा चिडल. तर हा म्हणला, अम्मी, बसनं कशाला जातीस, मी गाडीनं नेतो. अगं, मला इतकं बरं वाटलं! रस्त्यानं मी दुवाच देत होते. वाशीत त्यानं गाडी अलीकडंच थांबवली अन् म्हणला, अम्मी, मला तोंड दाखवायची लाज वाटते, मी इथंच थांबतो. हा माझा दुसरा फोन हातात धर, बंद करू नको, तिकडचं मला इथं ऐकू येईल. अन् माझ्यातर्फे पण माफी माग. फक्त कहासुना नको म्हणू, लेनदेन पण म्हण, पुरं म्हण.

आमचं पोरगं सुधारलं, मला काय वाटणार दुसरं? पुरंच म्हणायचं असतंय ते. फोन हातात धरून मी गेले. रेहाना मशीनवर बसली होती, मला बघून तिचा पायच थांबला. मी तिचे हात धरले अन् म्हणलं, बेटी, मी अल्लाच्या घरी निघाले, माझं, फारुकचं, आमच्या घरादाराचं कहासुना, लेनदेन, सब माफ कर. ती गळ्यात पडून रडली. म्हणली, अम्मी, सब माफ, तुमचं माफ, त्यांचं माफ, मला कुणाकडून काही नको, तुम्ही साफ मनानं जा. मुस्कान शाळेत गेली होती, ती भेटली न्हाई. मी परत आले, फोन त्याच्या हातात दिला. त्यानं तो बोटानं बंद केला अन् खिशात टाकला. मला म्हणला, ऐकलं सगळं अम्मी. डोळे पुसले त्यानं, म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं. तो खरंच रडला का काय, ते मला आजपर्यंत कळलं न्हाई.

मक्केला जाऊन आले. तिथलं सांगत बसले तर रात होईल, ते राहू दे. तिथं म्या सगळ्यात जास्त दुवा मागितली ती रेहानासाठी अन् त्या पोरीसाठी, एवढंच लिही.

परत आल्यावर मक्केतल्या झमझमच्या विहिरीचं पाणी अन् खजूर घेऊन वाशीला गेले, एकटी, बसनं. दार वाजवलं. रेहानानं दार उघडलं पण दारातून बाजूला सरली न्हाई.  मग म्हणली, अम्मी, तुम्ही पण?

मी म्हणलं, म्या काय केलं?

तिनं आतून एक कागद आणला, मुस्कानच्या हातात दिला अन् म्हणली, वाच, दादीला वाचून दाखव. ती पोरगी खणखणीत वाचते, पहिला नंबर असतो तिचा. ती उभी राहून शाळेतल्या धड्यावानी वाचायला लागली. सामनेवाली हिने अर्जदाराच्या आईसमक्ष, स्वखुशीने, अल्पवयीन मुलीच्या पोटगीसह सर्व देणे-घेणे माफ केले असून सदर संभाषणाचे ध्वनिमुद्रण सोबत जोडले आहे, सबब पोटगीचा आदेश रद्द करण्यात यावा. वाचता वाचता थांबली अन् आईला म्हणली, अम्मी, अल्पवयीन मुलगी म्हणजे मीच का?

बाई, म्या झमझमची बाटली उंबऱ्यावर ठेवली. मी म्हणलं, आण इकडं. कागद घेतला, चष्मा लावला, अक्षर अक्षर जुळवलं. आईसमक्ष म्हणून जे लिहिलं होतं त्याच्या खाली साक्षीदारात माझं नाव होतं. माझं, नवऱ्याचं, आडनावासकट. म्या बसच्या पाट्या वाचून अक्षर शिकले ते ह्यासाठी? माझ्या मुलाच्या कागदावर माझंच नाव वाचायला?  मी खालीच बसले. मला एवढंच दिसत होतं, तो फोन म्या माझ्या हातानं आत नेला. माझ्या हातानं.

म्या रेहानाला म्हणलं, बेटी, कुराणाची शपथ, मला हे म्हाईत नव्हतं. तिनं मला पाणी दिलं. म्हणली, अम्मी, मला वाटलंच तुम्हाला म्हाईत नसेल, पण वाटून काय करू? मग ती जे बोलली त्यानं तर मी अजून हादरले. म्हणली, मी कोर्टात जाणार न्हाई. भाऊ म्हणतो भांड, पण मी सब माफ म्हणले ते खरंच हाय. तुम्ही माझी माफी घेऊन अल्लाच्या घरी जाऊन आलात. ती माफी मी आता परत मागितली तर तुमचा उमरा काय राहील? मी अजून दोन ब्लाऊज जास्त शिवीन. जाऊ द्या.

ऐकलंस? त्या पोरीनं माझ्या उमऱ्यापायी स्वतःच्या लेकराचा घास सोडायला काढला. अन् ते लेकरू तिथंच उभं, एकदा आईकडं बघतंय, एकदा माझ्याकडं.

तिथनं मी घरी आले न्हाई. वाशीवरून सरळ धाराशिवला गेले, फारुकच्या दुकानात. तो म्हणला, बस अम्मी. त्या फोमच्या गादीवर बसले तर आतच गेले, धड उठता पण येईना. म्या म्हणलं, फारुक, हे काय केलंस? तो म्हणला, काय केलं? तूच माफी मागितलीस, तिनंच दिली, मी फक्त लिहून दिलं. म्हणलं, अरे ते अल्लासाठी होतं, कोर्टासाठी न्हाई. तर म्हणतो, अम्मी, माफ म्हणजे माफ, अल्लाकडं एक अन् कोर्टात एक असं असतं का? मला पण दोन लेकरं हायत. तिच्या पोरीचं देऊ का माझ्या पोरांचं करू?

तिची पोरगी म्हणला. तुझी न्हाई का रे, म्हणलं. त्यानं बिलाचं पुस्तक पुढ्यात ओढलं. मग हळूच म्हणला, तारखेला तुला यावं लागंल, वकील विचारतील ते फक्त व्हय म्हणायचं. खोटं न्हाई बोलायचं तुला अम्मी, आवाज तुझाच हाय न? मग व्हय म्हणायला काय?

मला तेच कळंना. तीन आठवडे जेवण गेलं न्हाई मला. खोटं तर त्यात काहीच नव्हतं. आवाज माझा, माफी तिची, शब्द सगळे खरे, अन् सगळं मिळून एवढं मोठं खोटं कसं झालं? नमाजला बसले की तेच. वाटायचं, रेहाना बोलत न्हाई ती माझ्या उमऱ्यासाठी, म्हणजे माझा उमराच त्या पोरीच्या गळ्यावर बसलाय.

तारखेला रेहाना आली, भावानं ओढूनच आणली होती, कोपऱ्यात बसली. जज बाई होत्या, चाळिशीच्या असतील. आधी तो फोन वाजवला. माझाच आवाज आख्ख्या कोर्टात, बेटी, मी अल्लाच्या घरी निघाले. मग रेहानाचं रडणं. लोक माना वर करून ऐकायले होते. दारामागं बोललेलं बोलणं, त्याच्यावर कुणीतरी जांभई देत होता. मला वाटलं माझा पदरच कुणी ओढला.

फारुकच्या वकिलानं विचारलं, हा आवाज तुमचा? व्हय. सब माफ असं ती म्हणाली? व्हय, म्हणली. म्हणजे तिनं पोटगी सोडली? आता इथं पण व्हय म्हणायचं होतं. फारुक माझ्याकडं बघत होता, लहानपणी ताप आला की बघायचा तसं.  म्या म्हणलं, साहेब, जरा थांबा, मला आमची रीत सांगू द्या. ज्याचं आपल्याकडं राहिलंय त्याच्याच दारात जाऊन मागायचं असतंय. तुझ्या आईच्या गादीची माफी म्या शेजारणीला मागून चालत न्हाई. रेहानाचं माझ्याकडं राहिलं होतं ते म्या तिला मागितलं, तिनं दिलं, ते फिटलं, ते ती परत मागत न्हाई अन् म्या पण देत न्हाई. पण पोटगी मुस्कानची हाय. मुस्कान तव्हा शाळेत होती. तिला कुणी विचारलंच न्हाई. म्या न्हाई विचारलं, तिच्या बापानं न्हाई विचारलं. मग तिचं माफ कसं झालं?

गादीचं खरंच बोलले मी कोर्टात, हो. तोंडात आलं ते आलं. लोक हसले.

जज बाई हसल्या न्हाईत. त्यांनी चष्मा काढला अन् म्हणल्या, आजी, तुम्ही तुमच्या रीतीनं जे सांगितलं तेच कायदाही सांगतो. लेकराच्या पोषणाचा हक्क लेकराचा असतो, आई तो सोडून देऊ शकत नाही, सब माफ म्हणाली तरी नाही. हा अर्ज या एका मुद्द्यावरच टिकणारा नव्हता.

अगं, मी परत हादरले. म्या विचारलं, म्हणजे बाई, मी काही बोलले नसते तरी? त्या म्हणल्या, तरी. तशीच बाहेर आले. म्हणजे पोटच्या पोराच्या विरोधात मी तोंड उघडलं, त्या पोराचं काळीज माझ्यापासून तुटलं, अन् ते न करता पण पोरीचं तिला मिळणारच होतं? भिंतीला धरून उभी राहिले. रेहाना माझ्याजवळ आली. म्या तिला तेच म्हणलं, बेटी, उगंच बोलले मी. तर ती म्हणली, न्हाई अम्मी, कोर्टाला लागत नव्हतं, मला लागत होतं. तुम्ही म्हणलात, माझं तुमच्याकडचं फिटलं, म्हणजे दिलेली माफी दिलेलीच राहिली, तुमचा उमरा पण राहिला. आता मी मान वर करून पोरीचं घेईन.

फारुक जिन्यावर भेटला. माझ्याकडं न बघता म्हणला, येरमाळ्याची बस चारला हाय. अन् गाडी काढून गेला. पोटगी देतो, आता तारखेवर देतो. ईदला सून दोन्ही लेकरं घेऊन आली, तो न्हाई आला. फोन केला तर उचलतो, हां अम्मी, बरंय अम्मी, एवढंच. म्या त्याला शिव्या देत न्हाई बाई, माझंच लेकरू हाय, त्याला पण कधी तरी माझ्या दारात यावंसं वाटंल. मी दार लावत न्हाई.

पण एक राहिलं होतं न माझ्याकडं? मुस्कानचं. तो फोन म्याच नेला होता. तर रेहाना आता दर रविवारी तिला सकाळच्या बसमधी बसवून देते, मी स्टँडवर घ्यायला जाते. पहिल्याच रविवारी म्या तिला समोर बसवलं अन् म्हणलं, मुस्कान, तुझ्या दादीनं न विचारता तुझं सोडायला फोन हातात धरला होता, म्हाईत नव्हतं मला, पण धरला होता, मला माफ कर. वाटलं, लेकरू हाय, माफ म्हणंल अन् खेळायला पळंल. तर ती म्हणली, दादी, लगेच सांगू का विचार करून सांगू?

अकरा वर्षांची पोरगी! मी तर बघतच राहिले. आमच्या सात पिढ्यांत कुणी असं विचारलं नसेल. आमाला कुणी माफ कर म्हणलं की आमी माफ म्हणायचं, आईनं म्हणलं, सासूनं म्हणलं, विचार करायचा असतो हे कुणाच्या डोक्यात पण आलं न्हाई. म्या म्हणलं, विचार कर बाई, लागंल तितका कर.

तव्हापासून करतेच हाय. येते, खाते-पिते, माझ्याकडून दाभणाचा टाका शिकते, अन् बसमधी चढताना खिडकीतून ओरडते, दादी, अजून विचार चालूय. सगळी बस हसती. मी पण हसते, पण खरं सांगू, आतून जीव टांगलेला असतो. ती काय म्हणंल ते मला ठाऊक न्हाई. न्हाई म्हणली तर न्हाई, तिचं हाय, तिच्या हातात हाय.

अल्ला तुझं भलं करो, लई लिहिलंस. आता दोन वर्षं लावू नको. येत्या रविवारी असलीस तर येच, ती बस साडेनऊला येती, आपण दोघी जाऊ तिला घ्यायला. अन् पुण्याला गेलीस तरी लवकर ये बाई, ती सांगंल तव्हा माझ्याशेजारी कुणीतरी बसायला पाहिजे.